बनाबाईतला न

घंटागाडी आमच्या गल्लीत सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान येते. त्या दिवशी मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन फाटकाशी उभा होतो. गाडीवर वाजणारं गाणं मी एरवी ऐकत नाही. चाळीस वर्षं गाणी करून पोट भरलेल्या माणसाला न ऐकण्याची विद्या आपोआप येते. पण त्या दिवशी गाणं बदललेलं होतं. कुणी बाई फार स्वच्छ आवाजात सांगत होती, ‘आपण सारे मिळून ठेवू अंगण नीट, पाणी नीट.’ प्रत्येक ण ठणठणीत, शाळेच्या बक्षीस समारंभातल्यासारखा. आणि मग एकदम तीच बाई म्हणाली, ‘कचरा कोनी टाकला गं, कोनी टाकला?’ चाल माझी होती. त्याचं मला काही वाटलं नाही. ठेकेदाराच्या कुणा पुतण्याने उचलली असेल, आणि आयुष्यभर मी तरी काय केलं? धक्का बसला तो त्या न-चा. आपण, अंगण, पाणी सगळं घासूनपुसून म्हणणारी ती बाई नेमक्या त्या एका जागी कोनी म्हणाली, कारण त्या जागी दुसरं काही बसतच नाही. मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. मी कुणालाच शिकवलेलं नव्हतं. गाडी पुढे निघून गेली आणि बादली माझ्या हातात तशीच राहिली. आत आल्यावर हिने विचारलं, “टाकला का?” मी म्हणालो, “कोनी?” ती माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, माझ्या तोंडून असला न तिने कधी ऐकलेला नव्हता.

श्रीरामपुरात माझं नाव आहे, म्हणजे होतं. ‘हर्षल कॅसेट’ ही कंपनी मी काढली तेव्हा हर्षल, माझा मुलगा, दोन वर्षांचा होता. दोन खोल्यांचा स्टुडिओ. जिनिंगमधून आणलेली रुई पोत्यांत दाबून भरली आणि ती पोती भिंतींना टांगली, की बाहेरची रिक्षा आत येत नसे. कारखान्याचा भोंगा मात्र येई, त्यामुळे त्याच्या वेळा पाठ करून रेकॉर्डिंग बेतावं लागे. मी भक्तिगीतं केली, लग्नाची गाणी केली, पण चाललो ते एकाच मालावर. पोरांची, पोरींची, उडत्या चालीची, गोळीसारखी चघळायची गाणी. अर्थ विचारायचा नाही, तीन मिनिटांत संपलं पाहिजे आणि संपल्यावर पुन्हा लावावंसं वाटलं पाहिजे. मोठे गवई हसायचे. हसोत. माझ्या गाण्यांवर जिल्ह्यातल्या सगळ्या स्नेहसंमेलनांत पोरी नाचल्या आहेत. हे मी घोडेगावच्या बाजारात शिकलो. माझे वडील जनावरांचे दलाल. बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या मागे उभा राहून आरोळ्या ऐकायचो. जो विकणारा मालाचं वर्णन करतो त्याच्याकडे कुणी वळत नाही. जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे सगळे वळतात. म्हणून माझ्या प्रत्येक गाण्यात एक प्रश्न असे आणि त्याचं उत्तर कधीही नसे. उत्तर दिलं की गाणं संपलं, हे मी सगळ्या गीतकारांना सांगितलेलं आहे. वडिलांकडून आणखी एक शिकलो. वर तोंडाने बोलायचं एक, आणि रुमालाखाली समोरच्याच्या बोटांवर सांगायचं दुसरं. खरा सौदा रुमालाखालीच होतो.

बेबी स्नेहल ही त्या रुमालाखालची गोष्ट. बेबी स्नेहल कधी अस्तित्वातच नव्हती. नाव मी ठेवलं, कव्हरवरचा दोन वेण्यांचा फोटो फोटोग्राफरच्या भाचीचा, आणि आवाज तिसगावच्या बनाबाईचा. बनाबाई तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्न झालेली. तिचे वडील रखमाजी भीमगीतांच्या पार्टीत गात. त्यांची कॅसेट मी करत होतो आणि ती मागे कोरसला होती. तबला लावायला वेळ लागत होता तेव्हा ती शेजारणीला कुणा लहान पोरीची नक्कल करून दाखवत होती. माझ्या कानाला हेडफोन. मला ऐकू आलं ते सहा-सात वर्षांचं पोर. मी काचेतून ओरडलो, “आत पोर कोणी सोडलं?” सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात मी तिला एकटीला बोलावलं. गाणं होतं ‘बोरकूट’.

‘कागदाची पुडी, पुडीत बोरकूट, चाखून बघ गं एकच चिमूट, कोणी आणलं गं, कोणी आणलं?’ एवढंच. तिने पहिल्या खेपेला म्हटलं, कोनी आनलं. मी म्हणालो, परत. माझ्या स्टुडिओत दोनच शब्द चालत. पसंत पडलं तर ‘ठेव’, नाही तर ‘परत’. त्या दुपारी मी बावीस वेळा परत म्हणालो. इतर शब्दांत ण नव्हता, होता तो या दोनच शब्दांत, आणि सगळं गाणं तर त्यांच्यावरच उभं होतं. ती प्रयत्न करत होती, नाही असं नाही. ण म्हणायला गेली की पोरीचा आवाज जाई आणि मोठ्या बाईचा येई. पोर राहिलं की न राही. तिच्या गळ्यात ती दोन्ही एकत्र मावत नव्हती. मला ते कळत होतं आणि तरी मी परत म्हणत होतो, कारण मला ण हवा होता. ण माझ्या कष्टाची कमाई होती. पुण्याला होस्टेलात पहिल्याच दिवशी मी मेसमध्ये पानी मागितलं, आणि पुढे दोन वर्षं टेबलावर मी दिसलो की कुणी तरी ओरडायचं, पानी आलं, पानी. मी मोरीत नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून, बाण, पाणी, कोण, आणि, असं घोकलेलं आहे. सहा महिन्यांत जीभ वळली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “रामहरी, तू पावन्यावानी बोलाय लागला.” तिला बरं वाटलं की वाईट, ते मी विचारलं नाही.

तर बाविसाव्या खेपेनंतर मी आत गेलो आणि बनाबाईसमोर उभा राहून, चढ्या आवाजात, तिला समजावलं. काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “अगं, कोनी न्हाई, कोनी म्हनायचं!” कीबोर्डवाला हसायला लागला. बनाबाई हसली नाही. ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, “मास्तर, तुमचं बी तसंच येतंय की.” मी बाहेर आलो, टेप बंद केली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. शेवटची खेप होती तशी ठेवली. ती कलेसाठी नव्हे, रागाने ठेवली. तिला पुन्हा तोंड दाखवायला नको म्हणून ठेवली. आणि ‘बोरकूट’ चाललं. पोरं बोरकूट खाताना कोनी आनलं म्हणत, शाळेतले मास्तर छड्या मारत, पोरं तरीही म्हणत. पुढे पुण्याच्या एका कंपनीने तेच गाणं एका शुद्ध मुलीकडून म्हणवून घेतलं. कुणी फिरकलं नाही.

मग लोक विचारू लागले. मुलाखतीत, सत्कारात, नगरच्या एका कॉलेजात पोरांसमोर. कोनी कसं सुचलं हो? मी सांगू लागलो, “मी मुद्दाम ठेवलं. मातीतला शब्द आहे. गायिका शुद्ध म्हणत होती, मीच म्हणालो, नाही, तुझ्या आईसारखं म्हण.” हे मी पंचवीस वर्षं सांगितलं आहे. एखादी खेप बावीस वेळा ऐकली की ती खरी वाटायला लागते, आणि ही तर शंभराच्या वर गेली असेल.

घंटागाडीचं ते गाणं कुणी तरी मोबाईलवर टिपलं, त्याखाली कुणी तरी मूळ कॅसेटचं गाणं जोडलं, आणि पंधरा दिवसांत मुंबईहून पंकजा नावाच्या मुलीचा फोन आला. जुनी गाणी इंटरनेटवर आणणारी कंपनी. गोड बोलणारी, कामाची पक्की मुलगी. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. मूळ टेप, गायिकेचं नाव आणि गाण्यामागची गोष्ट माझ्याच आवाजात, दोन मिनिटं. “सर, कॅसेटच्या डबीतल्या इनले कार्डवर दोन नावं आहेत. बेबी स्नेहल आणि खाली बारीक अक्षरात, साथ, बणाबाई. स्नेहलताईंचा नंबर मिळेल का?” मी म्हणालो, बघतो. गोष्ट मात्र मी तिथल्या तिथे रेकॉर्ड करून पाठवली. तोंडपाठच होती. पाठवल्यावर सवयीने एकदा ऐकली. आणि ऐकताना ‘मुद्दाम’ या शब्दाच्या आधी मला एक श्वास सापडला. चोरटा, अर्धा श्वास. गाणारा पुढची जागा चुकणार असला की आधी असा श्वास घेतो. दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकला असता तर मी तत्क्षणी परत म्हणालो असतो. मी ते पुन्हा लावलं. श्वास तिथेच होता. चार वेळा ऐकलं. मग मला ते दुसरं टोचायला लागलं, बणाबाई. तिचं नाव बनाबाई होतं. रखमाजी तिला बना म्हणून हाक मारत. कव्हरचा मजकूर प्रेसला लिहून देताना मीच विचार केला होता की ही माणसं न म्हणतात म्हणजे मुळात ण असणार, आणि दुरुस्त करून टाकला. तिच्या सगळ्या बोलण्यात जो एक न बरोबर होता, तेवढाच मी सुधारला होता. तेव्हा मला त्याचं समाधानसुद्धा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिसगावला निघालो. घोडेगावात गाडी बदलावी लागली. उन्हात अर्धा तास उभा होतो, तरी बाजारतळाकडे वळलो नाही. एसटीत खिडकीशी बसून मी ठरवत होतो काय बोलायचं ते. तुमचं नाव घालतो आहे, एवढंच सांगावं. गोष्टीचं सांगायचं कारण नाही. गोष्ट तिच्या कानावर जाणार कुठे? मग वाटलं, हल्ली सगळं सगळ्यांच्या कानावर जातं. मग वाटलं, गोष्टीवाचून माझं राहतं काय? चाल तर मी एका आरोळीवरून घेतलेली होती. शब्द गीतकाराचे, आवाज तिचा, फोटो भाचीचा. माझं म्हणून त्यात एकच होतं, की ते कोनी मी ठेवलं. ते दिलं तर लोकांसमोर काय घेऊन उभा राहू? सहासष्टाव्या वर्षी माणूस दुसरी गोष्ट कुठून आणणार? मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. मिरीच्या पुढे रस्ता खराब होता आणि मला बरं वाटलं, गाडी सावकाश चालली म्हणून.

घर शोधावं लागलं नाही. बनाबाई म्हटल्यावर, ‘अंगनवाडीतल्या का?’ म्हणत एका पोरानेच दाखवलं. मदतनीस म्हणून तीस वर्षं काम करून त्या नुकत्याच सुटल्या होत्या. ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या. मला बघून चष्मा कपाळावर घेतला.

“जय भीम, मास्तर,” त्या म्हणाल्या. “लई उशीर केला.”

“जय भीम,” मी म्हणालो. पूर्वी मी त्यांना अगं-तुगं करत असे. आता ते तोंडातून निघेना. “ओळखलंत?”

“तुमी वळकाल का न्हाई ती पंचाईत हुती. बसा.”

चहा झाला. त्यांचे मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा योगेश चाकणला कंपनीत होता. मी घंटागाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाहिलं, योगेशनं मोबाईलवर धाडलं हुतं. मी विचारलं, त्याला ठाऊक आहे का, की आवाज तुमचा? “न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हनला हुता, कुनाला सांगू नको, पोरांचं मन मोडंल. मग न्हाई सांगितलं.” मी हे म्हटलेलं विसरून गेलो होतो. म्हणजे एका उभ्याउभ्या वाक्यावर या बाईने तीस वर्षं घालवली होती. “अंगनवाडीत पोरं रोज म्हनायची, माझ्याच म्होरं,” त्या सांगत होत्या आणि मजेत होत्या. “मोठ्या बाईंनी सांगितलं, पोरांची भाषा सुधारा. मग मीच त्यांना शिकवायची. बाळांनो, कोनी न्हाई. कोणी. कोणी आणलं.” ण त्यांनी स्पष्ट म्हटला. माझ्यापेक्षा स्पष्ट. “बघा, आला का न्हाई आता? तवा येत नव्हता.” मला हसायला हवं होतं. मी कपाकडे बघत बसलो.

मग मी कामाचं बोललो. तुमचं नाव गायिका म्हणून घालायचं आहे. त्या उठून आत गेल्या आणि एका डब्यातून कॅसेटचं कार्ड घेऊन आल्या. घडीवर चिरलेलं होतं, पण जपलेलं. त्यांनी बोट ठेवलं ते बारीक अक्षरांवर.

“ही कोन बाई?” त्यांनी विचारलं.

मी वाकून वाचलं. साथ, बणाबाई.

“आमच्या बापानं बना नाव ठिवलं. ते वाचून दाखवाया मी हे कार्ड बापाकडं नेलं. त्यो म्हनला, बना, हे तुझं न्हाई, दुसऱ्या कुना बाईचं हाय. चूक म्हनला न्हाई, दुसऱ्या बाईचं म्हनला.” त्यांनी कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. “बावीस येळा तुमी मला थांबवलं. ते तुमचं काम हुतं, त्याचं मला काई न्हाई. पर हितं तुमाला थांबवाया कोनी नव्हतं.”

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रागाने ठेवलेली खेप, कॉलेजातलं भाषण, मुद्दाम, काल पाठवलेली गोष्ट. पंकजाला पाठवलेलं ते रेकॉर्डिंग लावून ऐकवलंसुद्धा. ‘मीच म्हणालो, तुझ्या आईसारखं म्हण,’ असं माझा आवाज त्या ओट्यावर म्हणाला, छान, धीरगंभीर. बनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मटकीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“नाव घालायचं आसंल तर एकट्या बनाबाईचं घाला,” त्या म्हणाल्या. “ती दोन येन्यांची पोरगी काडा. आन ही गोष्ट बी काडा. खरी सांगायची तर सांगा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या, माझं काई अडलं न्हाई.”

मी तिथूनच पंकजाला फोन लावला. ती म्हणाली, “सर, नाव कार्डशी जुळायला हवं. कार्डवर बणाबाई आहे. नाही तर आधार कार्डचा फोटो आणि तुमचं म्हणणं तुमच्या आवाजात पाठवा, की कार्डावर चूक झाली आहे.” मी विचारलं, आणि गोष्ट? ती म्हणाली, “बदलायची असेल तर त्यातच सांगा, सर. पण आज संध्याकाळपर्यंत.”

बनाबाईंनी आधार कार्ड आणलं, त्यावर न होता. मी फोटो काढून पाठवला. मग मोबाईल मटकीच्या सुपाशेजारी उभा केला आणि लाल ठिपका दाबला. मी सुरुवात केली. “नमस्कार. बोरकूट या गाण्याच्या कार्डावर गायिकेचं नाव चुकून...”

“परत,” बनाबाई म्हणाल्या.

“का?”

“चुकून न्हाई.”

मी पुसलं. पुन्हा सुरू केलं. या खेपेला चुकून नव्हतं, पण नावापाशी आलो आणि माझ्या तोंडातून बणाबाई गेलं. नळ सोडून घोकलेली जीभ, ती त्या जागी आपोआप वर वळली. मला स्वतःला कळलंसुद्धा नाही. त्यांना कळलं. “परत.” तिसऱ्या खेपेला मी नाव नीट म्हणालो, पण ‘ते मी ठेवलं’ असं आलं. “परत.” चौथ्यांदा तो श्वास आला, तो मी स्वतःच ऐकला आणि स्वतःच पुसून टाकलं. पाचव्यांदा, सहाव्यांदा. समोरून एक बाई पाण्याचा हंडा घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. मला घाम आला होता. बनाबाई मटकी निवडत होत्या आणि मान वर न करता ऐकत होत्या, अगदी मी काचेमागे ऐकायचो तशा. कितवी खेप होती ते मी मोजलं नाही. शेवटी मी थकलो. थकल्यावर गळा मोकळा होतो, हे मी गाणाऱ्यांना सांगत आलो आहे. ठिपका दाबला आणि आईशी बोलत असल्यासारखं, काही न ठरवता बोललो.

“मी रामहरी. घोडेगावचा. बोरकूट कोनी आनलं, आसं समदे इचारत्यात. ते बनाबाईनं आनलं. मी न्हाई. मी बावीस येळा नको म्हनलो हुतो.”

मी ठिपका दाबून थांबवलं. मटकी निवडून झाली होती. बनाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

“ठेव,” त्या म्हणाल्या.